पाणी न पिणारं बाकडं

माझ्या अभ्यासाचा विषय काय, असं कुणी पाहुण्यानं विचारलं की आमची आई माझ्या आधी उत्तर देते. "लोक लघवीला कसे जातात, ते बघते." पाहुणे मान खाली घालून चहाकडे बघायला लागतात. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका. कुठलाही धडा एका वाक्यात सांगायची तिला सवय, आणि खरं सांगायचं तर ते वाक्य काही चुकीचं नाही.

मी मूत्रमार्गाच्या कॅन्सरची सर्जन. ऑपरेशनं करते, पण जीव अडकलाय तो ऑपरेशन झाल्यानंतरच्या गोष्टीत. टाके निघाले, माणूस रिक्षात बसून घरी गेला, पुढं काय? आमच्या लोकांत ऑपरेशन किती तासांत उरकलं, रक्त किती कमी गेलं याच्या गप्पा फार रंगतात. घरी गेल्यावर तो माणूस पोटभर जेवतो का, बाजारात जातो का, हे कुणी विचारत नाही. ते मी विचारते, लिहून ठेवते आणि त्याचे आलेख काढते. आलेख मला मनापासून आवडतात. एखादी रेघ सरळ वर चढताना दिसली की माझा दिवस चांगला जातो, मग ती रेघ कशाचीही असो. हा स्वभाव डॉक्टरला शोभणारा नाही, हे कळतं मला.

आमचं हॉस्पिटल भिवंडीत ज्या गल्लीत आहे, तिथं दोन्ही बाजूंनी कापडाचे लूम चालतात. त्या खडखडाटाची इतकी सवय झालीय की शुक्रवारी लूम बंद असले की मलाच चुकल्यासारखं होतं. गुरुवारी सकाळी जुने पेशंट तपासणीला येतात. त्यांच्यासाठी बाहेर एक लांबलचक लाकडी बाकडं आहे. त्या बाकड्यावर एका टोकाला पडघ्याचे शेतकरी, मध्ये लूमवरचे चाचा, दुसऱ्या टोकाला खाडीकडच्या बायका, आणि सगळ्यांच्या गप्पा अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत. आत बसून मला वाटायचं की बाहेर नुसता टाइमपास चाललाय. हे वाटणं पुढं मला चांगलंच महागात पडलं.

माझा अभ्यास होता तो मूत्राशय काढून टाकलेल्या पेशंटचा. कॅन्सर खोल गेला असेल तर मूत्राशय ठेवून चालत नाही. ते काढायचं, आतड्याचा एक तुकडा घेऊन त्याला दोन्ही किडन्यांच्या नळ्या जोडायच्या आणि त्याचं तोंड पोटावर उघडायचं. तिथं बाहेरून एक पिशवी चिकटवायची. लघवी त्या पिशवीत येत राहते, दिवसरात्र, न विचारता. माणूस जगतो, चांगला जगतो, पण त्या पिशवीसह जगतो. मी या पेशंटना दोन गोष्टी करायला लावायचे. एक, रक्ताची तपासणी. रक्तात क्रिएटिनिन नावाचा एक आकडा असतो. किडनीला त्रास व्हायला लागला की तो चढतो. दुसरं, एक प्रश्नांचा फॉर्म. झोप कशी, भूक कशी, दुखतं का, चालवतं का, आणि प्रत्येक उत्तराला मार्क.

या फॉर्ममध्ये माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी म्हणजे एक मावशी.

मावशी खारबावकडच्या एका गावातली, आगरी घरातली. पासष्टीच्या पुढची, धिप्पाड, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. तिचं ऑपरेशन मीच केलेलं. दर वेळी सुनेला घेऊन यायची. माझ्यासमोर बसली की मी प्रश्न वाचायचे.

"झोप लागते का मावशी?"

"बरी हाय गो बाय."

"जेवण?"

"बरा हाय."

"दुखतं कुठं?"

"तू समदा कापून काढलास, आता दुखाला रायलाय काय?"

शंभरपैकी शंभर. प्रत्येक फॉर्मवर. मी खूश होऊन ते आईला दाखवलं. नावं झाकून, अर्थातच. आईनं चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाली, "एखाद्या पोराला शंभरातले शंभर पडले की मी पेपर पुन्हा तपासायचे. एक तर पोर फार हुशार, नाही तर आपण पेपर फार सोपा काढलेला." मी म्हटलं, आई, ही चौथीची परीक्षा नाहीये. ती म्हणाली, "तेच तर." आणि भाजी निवडायला लागली.

पण मावशीच्या बाबतीत एक घोडं पेंड खात होतं. मार्क शंभर, आणि क्रिएटिनिन मात्र दर वेळी थोडं थोडं वर. शिवाय ती एकटी नव्हती. आलेख काढला तर काय दिसावं? भिवंडी शहरातल्या पेशंटची रेघ कशी सपाट, गावाकडच्यांची वर. त्यातही जितकं गाव लांब, तितका आकडा मोठा. मी त्या रेघेच्या अक्षरशः प्रेमात पडले. तीन दिवस विचार केला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. विहिरी! गावाकडं विहिरीचं, बोअरचं पाणी. खाडीकडं तर ते खारटच. क्षार किडनीला बाधत असणार.

आमची सिस्टर पिशवीच्या कामात फार तरबेज आहे. पिशवी कशी चिकटवायची, कातडी कशी जपायची, हे ती पेशंटला शिकवते. मूळची पडघ्याची, बोलायला फटकळ. तिनं माझा आलेख बघून विचारलं, "मॅडम, वज्रेश्वरीला कुठली आलीय खाडी?"

"तिथं गरम पाण्याची कुंडं आहेत. गंधक असतं."

"आणि पडघ्याला?"

"पडघ्याचं बघू मग," मी म्हटलं. माझं उत्तर तयार असलं की मला प्रश्न आवडत नाहीत.

मग फर्मान निघालं. प्रत्येक पेशंटनं येताना घरच्या पिण्याच्या पाण्याची एक बाटली भरून आणायची. पुढच्या गुरुवारपासून माझ्या टेबलावर बाटल्यांची रांग लागली. थंड पेयाच्या, तेलाच्या, एक तर खोकल्याच्या औषधाची. प्रत्येकीवर सिस्टरनं गावाचं नाव चिकटवलं. वज्रेश्वरीच्या एका काकांनी कुंडाच्या पाण्याचा मोठा कॅनच आणला आणि मला आपुलकीनं विचारलं, "हे प्यायचं नसतं हो. गुडघ्याला लावायचं. तुमचे गुडघे धरलेत का?" सगळं पाणी तपासून आणलं. काही बाटल्यांत क्षार जास्त, काहींत कमी, आकड्यांशी मेळ काही बसेना. मी म्हटलं, अजून बाटल्या मागवू.

त्याच सुमाराला मावशीचा आकडा असा काही उडाला की माझं हसू पळालं. सोनोग्राफीत एक किडनी जराशी फुगलेली दिसत होती. या ऑपरेशननंतर तसं थोडंफार दिसतंच, पण चढत्या आकड्याबरोबर ते बघितल्यावर मला वाटलं, आतला जोड आवळत चाललाय. तो पुन्हा उघडून बघायला हवा. म्हणजे पुन्हा ऑपरेशन, मोठं. एकदा शिवलेलं पोट दुसऱ्यांदा उघडणं सोपं नसतं, आणि या वयात तर नाहीच. मी मावशीला ते सरळ सांगितलं. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "लगनाच्या आधी कापशील का मंग?"

नातीचं लग्न दीड महिन्यावर आलेलं होतं.

"आधीच करायला हवं, मावशी. थांबणं धोक्याचं आहे."

"बरा हाय," ती म्हणाली. पण या वेळी माझ्याकडं न बघता.

ऑपरेशनाआधीच्या तपासण्यांसाठी तिला यायचं होतं, ती आली नाही. फोन केला तर सुनेनं उचलला, "घरात काम हाय, येतील." माझ्या अभ्यासात मला कुणाचा राग येत असेल तर तो ठरल्या दिवशी न येणाऱ्या माणसाचा. रविवारी सकाळी मी सिस्टरला गाडीत घातलं आणि थेट मावशीचं गाव गाठलं. वाटेत मी तिला काय काय बोलणार आहे ते सिस्टरला ऐकवत होते. सिस्टर खिडकीबाहेर बघत होती.

मावशी ओसरीवर लग्नाचे तांदूळ पाखडत बसली होती. मला बघून इतकी आनंदली की माझं पाठ केलेलं सगळं भाषण वाया गेलं. चहा झाला, तांदळाच्या भाकऱ्या झाल्या, खाऊ नका म्हटलं तरी बोंबील झाले. तिच्या शेजारी पाण्याचा भरलेला तांब्या होता आणि मध्ये मध्ये ती तो तोंडाला लावत होती. सिस्टरनं तिथंच रक्त घेतलं. नात बाहेर आली, माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "मॅडम, आजीला तेवढं बसता येईल असं करा. आजी नाय बसली तर मी हलद लावून घेनार नाय." मला वाटलं, लग्नाला हजर राहण्याचं म्हणतेय. मी म्हटलं, बघू.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. क्रिएटिनिन जवळजवळ ठीक.

मी लॅबला फोन करून जे काही बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांनी तेच रक्त पुन्हा तपासलं. पुन्हा तोच आकडा. गुरुवारी मावशी स्वतः हॉस्पिटलात आली, नव्यानं रक्त घेतलं, आणि आकडा पुन्हा वर! चार दिवसांपूर्वी घरी बरी असलेली किडनी हॉस्पिटलात येऊन बिघडते कशी? मी रिपोर्ट समोर ठेवून कपाळाला हात लावून बसले. तेवढ्यात सिस्टर आत आली.

"मॅडम, रविवारी तिच्या बाजूला तांब्या होता. भरलेला."

"मग?"

"आज मी तिला चहा दिला, नको म्हणाली. पाणी दिलं, नको म्हणाली. ओठ बघा तिचे."

मी उठून बाहेर गेले. बाकड्यावर नऊ-दहा जण बसले होते. प्रत्येकाच्या मांडीवर माझ्या फर्मानाप्रमाणे पाण्यानं भरलेली बाटली.

"आज सकाळपासून पाणी कोण कोण प्यायलंय?" मी विचारलं.

सगळे मांडीवरच्या बाटल्यांकडं बघायला लागले. मग लूमवरच्या एका चाचांनी हात वर केला. "मैं तो पीके आया, डॉक्टर साब. मेरा घर तो पीछे की गली में है."

"आणि बाकीचे?"

बाकीच्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि मग सगळ्यांच्या माना एकदमच वळल्या, मावशीकडं.

"मावशीनी सांगितलंय," पडघ्याचे एक दादा म्हणाले. "दवाखान्याच्या आदल्या सांजंपासून पानी बंद. म्हंजे रस्त्यात पिशवी भरत न्हाय. ट्रॅफिकमदी अडकलो तर रिकामी कुठं करायची?"

"एकदम बरोबर सांगितलं त्यांनी," वज्रेश्वरीचे काका म्हणाले. "मी तर दुपारपासूनच बंद करतो. लांबून यायचं असतं ना."

लांबून! जितकं गाव लांब, तितकं पाणी आधी बंद, तितकी किडनी कोरडी, तितका आकडा मोठा. माझी ती लाडकी रेघ. मी भिवंडी तालुक्यातल्या विहिरी हुडकत फिरत होते, आणि उत्तर माझ्या दारातल्या बाकड्यावर मांडीवर बाटली घेऊन बसलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ते काय पाणी पितात यावर मी जंग जंग पछाडलं, आणि ते पितात का, हे काही विचारलं नाही. मला आधी स्वतःचा भयंकर राग आला आणि मग असं हसू फुटलं की थांबेना. बाकड्यावरचे लोकही हसायला लागले, कशाला ते ठाऊक नसताना.

सगळ्यांना आधी पाणी पाजलं. मग मावशीला आत नेलं आणि विचारलं की ही युक्ती तुम्हाला कुणी शिकवली?

"मना कोन शिकवनार? मी धवलारीन नाय का!"

हे मला माहीतच नव्हतं. फॉर्मवर 'व्यवसाय' या रकान्यात मी 'घरकाम' लिहून मोकळी झाले होते. आगरी लग्नात भटजी नंतर. आधी मांडव, चूल, तांदूळ, हळद, प्रत्येक विधीला धवलारीण पाटावर बसून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते, आणि तिच्या गाण्यावर विधी पुढं सरकतो. एकदा बसली की विधी पुरा होईपर्यंत ती उठत नाही. मध्येच उठणं चांगलं मानत नाहीत. म्हणून मावशी चाळीस वर्षं लग्नाच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडत आली होती. तिच्या सासूनं तिला गाण्यांबरोबर हेही शिकवलेलं. हॉस्पिटलची वारी म्हणजे तिच्या लेखी तसंच एक मोठं कार्य, आणि बाकड्यावरच्या नव्या मंडळींना तिनं आपलं चाळीस वर्षांचं ज्ञान फुकट वाटलं होतं.

"मग नातीच्या लग्नात तुम्हीच गाणार?" मी विचारलं.

मावशीनं तोंड खिडकीकडं वळवलं. सूनच बोलली. "कुठं गातान त्या! ऑपरेशनपासून एका लगनाला गेल्यान फकस्त. बसल्यान पाटावर, पानी तोडून. तरी पिशवी भरली नी सुटली. पाट भिजला. नशीब, माझ्या हातात कलशी होती, मी ती लवंडली नी कलशी सांडली म्हनून सांगितला. तवापासून कुनाकडं जात नाय. कंबर धरली, घसा बसला, कायबी सांगतान. आता लेकीच्या लगनाला मोबाईलवरचं धवलं डीजेवर लावायचं ठरलाय."

"डीजेवर?" सिस्टर म्हणाली.

"मंग काय करनार? गावात दुसऱ्या कुनाला सगलं येतान कुठं?"

मावशी खिडकीतून समोरच्या लूमकडं बघत होती. डोळ्यांतलं पाणी तिनं पदरानं नाही, बांगड्यांच्या हातानं पुसलं. मला अतिशय शरम वाटली. या बाईला मी शंभरपैकी शंभर दिले होते. झोप बरी, जेवण बरं, चालणं बरं, आणि जे करण्यासाठी ती सकाळी उठायची तेच गेलेलं. माझ्या फॉर्मला ते ठाऊकच नव्हतं. आईनं चष्मा वर करून एका मिनिटात जे ओळखलं, ते मला वर्षभरात दिसलं नव्हतं. पेपर सोपा काढला होता मी.

दुसरं ऑपरेशन मी त्याच दिवशी रद्द केलं. दोन आठवडे घरी पाणी पिऊन रक्त तपासायचं ठरलं, आणि आकडा खाली आला, खालीच राहिला. ज्यांच्या हाताखाली शिकले त्या मुंबईतल्या सरांना फोन करून सांगितलं की विहिरींवर लिहायला घेतलेला लेख फाडला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं झालं छापला नाहीस. आता त्या बाकड्यावर लेख लिही." पण मला लेखापेक्षा तो पाट डोक्यातून जाईना. लग्न पंधरा दिवसांवर होतं.

उपाय सिस्टरकडं होता. पोटावरच्या पिशवीला खालून एक नळी जोडायची आणि ती मांडीला बांधलेल्या दुसऱ्या, मोठ्या पिशवीत सोडायची. मग तासन्‌तास बसा, पाणी प्या, काही सांडत नाही. हे आम्ही सगळ्यांना सांगतोही, पण पँट किंवा पाचवारी डोळ्यांसमोर ठेवून. काष्टा घातलेल्या लुगड्यातून नळी न्यायची कुठून? सिस्टर आणि सून पडद्यामागं तासभर खटपट करत होत्या. आतून मावशीचा आवाज यायचा, "गो, मना काय भातुकलीतली भावली समजलीव काय?" शेवटी नळी काष्ट्याच्या आतल्या निरीखालून मांडीच्या कडेनं बसली. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

मी म्हटलं, चाचणी घ्यायची. पुढच्या गुरुवारी बाकड्यासमोर जमिनीवर पाट मांडला. मावशीला बसवलं, सकाळी नऊला. मी घड्याळ घेऊन. दर अर्ध्या तासानं एक पेला पाणी. सुरुवातीला लाजली, मग गायला लागली. आवाज खडा, जाड, लूमच्या खडखडाटावरून सहज पलीकडं जाणारा. मांडवाचं झालं, चुलीचं झालं. पडघ्याचे दादा ताल धरू लागले. चाचा म्हणाले, "अम्मा, एक और." रक्त द्यायला आलेली माणसं रक्त द्यायचं विसरून उभी. अर्धा तास झाला की मी पेला पुढं करायचे आणि ती गाणं संपवून डोळे वटारायची, "पानी पाजून मारतंस काय मना?" एक वाजता आम्ही तिला उठवलं. पाट कोरडा ठणठणीत. सिस्टरनं तो उचलून सगळ्यांना फिरवून दाखवला, जादूगार दाखवतो तसा.

मी म्हटलं, "बघितलंत मावशी? झालं ना काम!"

ती लुगडं सारखं करत म्हणाली, "हितं तुजा दवाखाना हाय. तितं माझा सगला गाव असंल." आणि गेली. गाणार की नाही, ते काही बोलली नाही. मला हे अजिबात आवडलं नाही. चाचणी पास झाल्यावर माणसानं हो म्हणायला हवं. पण तिचा पाट होता, माझा नव्हे.

हळदीच्या दिवशी मी आणि सिस्टर सकाळीच तिच्या गावी पोचलो. दारात मांडव, आंब्याचे टहाळे, केळीचे खांब. एका बाजूला डीजेचे दोन भलेमोठे काळे स्पीकर, आणि त्यांना मोबाईलची वायर आधीच जोडून ठेवलेली.  मावशी कुठं दिसेना. नात पिवळी साडी नेसून हट्टानं उभी होती, बसायला तयार नव्हती. बायका तिला समजावत होत्या. डीजेवाला विचारत होता, "लावू का काकी?"

मग घरातून मावशी बाहेर आली. नवं हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. तिनं कुणाकडं बघितलं नाही. पाट आपल्या हातानं ओढला, बसली, आणि डीजेवाल्याला म्हणाली, "तुजा बंद कर रं."

तिनं पहिला सूर लावला आणि नात मटकन खाली बसली. म्हाताऱ्या बायकांनी मागून साथ धरली. मला वाटलं होतं, आता मी निवांत ऐकीन. कसलं काय! नवरीकडं कुणाचं लक्ष असेल नसेल, माझं आणि सिस्टरचं लक्ष हिरव्या लुगड्याच्या काठाकडं. एक विधी झाला, दुसरा झाला. ऊन मांडवातून सरकत पलीकडं गेलं. पाट कोरडा. पण तिच्या उजव्या हाताशी सुनेनं ठेवलेला पाण्याचा पेला मात्र तसाच, काठोकाठ भरलेला. एक घोटसुद्धा कमी नाही. तास गेला, दीड तास गेला. ओठ सुकायला लागलेले मला लांबून दिसत होते. सिस्टर माझ्या कानाशी म्हणाली, "पाणी तोडलंय मॅडम. पिशवीवर विश्वास नाही तिचा." मला तडक उठून तिच्या हातात पेला द्यावासा वाटत होता. पण सगळ्या गावासमोर धवलारणीला कोण सांगणार? मी आपली पदराचं टोक मुठीत धरून बसले.

हळदीचं गाणं अगदी रंगात आलं होतं. नातीच्या गालाला पहिली हळद लागत होती. आणि ओळीच्या मधेच मावशी थांबली.

साथीच्या बायकांचा आवाज दोन शब्द पुढं जाऊन विरला. सगळा मांडव तिच्याकडं बघायला लागला. सून जागच्या जागी उभी राहिली, तिच्या हातात पुन्हा कलशी होती. मी आणि सिस्टरनं एकदमच पाटाकडं पाहिलं. पाट कोरडा होता.

मावशीनं हात पुढं करून पेला उचलला. घाई केली नाही. डोकं मागं टाकून सगळं पाणी प्यायली, शेवटच्या थेंबापर्यंत. मग मांडवातल्या एवढ्या माणसांतून तिनं मला शोधून काढलं आणि माझ्याकडं बघत तो पेला हवेत उलटा धरला. एक थेंब पडला नाही. मला तिथंच रडू फुटलं, आणि हसूही. पेला तसाच उलटा बाजूला ठेवून, जिथं गाणं सोडलं होतं तिथूनच तिनं पुढचा शब्द उचलला.